एअरप्लेन मोडच्या आधीची गोष्ट: रेडिओवाला आर्मस्ट्राँग

विमानात बसलं की एक घोषणा ठरलेलीच असते. मोबाईल, टॅब, लॅपटॉप, सगळं एअरप्लेन मोडवर टाका. आपण स्क्रीनवर वरून खाली बोट ओढतो, विमानाचं चिन्ह दाबतो आणि खिडकीतून बाहेर बघायला लागतो.

मागच्या दिवाळीत पुण्याहून दिल्लीला जात होतो. शेजारी कॉलेजचा एक मुलगा बसला होता. त्याने सरळ विचारलं, दादा, याने खरंच काही होतं की उगाच आपली पद्धत पडलीय? मी नोकरीने सॉफ्टवेअरवाला असलो तरी डिग्री ई अँड टीसीची आहे. म्हणजे उत्तर यायला हवं होतं. मी सिग्नल, इंटरफिअरन्स असं काहीतरी पुटपुटलो आणि विषय संपवला. पण मनात ते राहिलंच.

घरी आल्यावर शोधायला बसलो. नियमांचा धागा मागे मागे ओढत गेलो तर मे १९६१ मधल्या एका अमेरिकन नियमापाशी पोचलो. त्यात मोबाईल नव्हता, कारण तेव्हा खिशातला मोबाईलच नव्हता. तो नियम एकाच वस्तूसाठी केला होता: हातात धरून नेता येईल असा एफएम रेडिओ. आणि त्या रेडिओमागच्या मोठ्या कल्पना बघायला गेलो, तर फिरून फिरून एकाच माणसाचं नाव समोर येत होतं. एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग. चंद्रावर गेलेले नील आर्मस्ट्राँग वेगळे, हे रेडिओवाले.

कॉलेजात सुपरहेटरोडाइन रिसीव्हरचा ब्लॉक डायग्राम मी परीक्षेसाठी इतक्यांदा काढलाय की झोपेतही काढू शकेन. पण तो कुणी शोधला हे कधी विचारलं नव्हतं. आज ते सांगतो. कारण एअरप्लेन मोड समजून घ्यायचा सोपा रस्ता या माणसाच्या आयुष्यातून जातो.

माळ्यावरची प्रयोगशाळा

एडविनचा जन्म १८ डिसेंबर १८९० चा, न्यूयॉर्कमधला. वडील ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या अमेरिकेतल्या शाखेत नोकरीला, आई शिक्षिका. लहानपणी त्याला एक आजार झाला. त्यात हातापायांना, चेहऱ्याला आपोआप झटके यायचे. शाळा सोडून काही काळ घरीच शिकावं लागलं. आजार गेला, पण चेहरा आणि खांदा मध्येच उडायची खोड आयुष्यभर राहिली. मुलगा एकटा एकटा राहायला लागला आणि यंत्रं उघडून बसण्यात रमायला लागला.

पुढे कुटुंब हडसन नदीकाठच्या यॉंकर्स गावी राहायला गेलं. तिथली माळ्यावरची खोली म्हणजे त्याची प्रयोगशाळा. मार्कोनीच्या वायरलेसबद्दल वाचून डोक्यात वेड शिरलेलं. लांबचे सिग्नल पकडता यावेत म्हणून त्याने घराजवळ १२५ फूट उंच खांब उभा केला. अँटेनाच्या तारा बांधायला स्वतःच वर चढायचा. उंचीची भीती त्याला कधीच वाटली नाही.

त्या काळच्या रिसीव्हरची अडचण काय होती? सिग्नल इतका क्षीण यायचा की कानाला हेडफोन लावून, श्वास रोखून ऐकावं लागायचं. ली डी फॉरेस्ट यांनी ऑडिऑन नावाची व्हॅक्युम ट्यूब बनवली होती. पण ती नेमकी कशी चालते हे खुद्द त्यांनाही नीट सांगता येत नव्हतं.

कान जो बोलायला लागला

१९१२ साली आर्मस्ट्राँग कोलंबिया युनिव्हर्सिटीत इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचे विद्यार्थी होते. रोज लाल मोटारसायकलवरून ये-जा करायचे. त्यांनी त्या ट्यूबच्या आत काय चालतं याची मोजमापं घेतली आणि एक युक्ती केली. ट्यूबमधून बाहेर आलेला सिग्नल थोडासा परत तिच्याच तोंडाशी नेऊन दिला. तो पुन्हा मोठा झाला, पुन्हा परत दिला, पुन्हा मोठा. हेडफोन कानाला लावायची गरजच उरली नाही, खोलीभर ऐकू यायला लागलं. याला रिजनरेशन म्हणतात.

हे तुम्ही पाहिलेलं आहे. गणपतीत मंडळाच्या स्टेजवर कुणी माईक घेऊन स्पीकरसमोर गेलं की कुंईऽऽ असा आवाज होतो. स्पीकरचा आवाज माईकमध्ये जातो, तो मोठा होऊन परत स्पीकरमधून येतो, असं चक्र सुरू होतं. आर्मस्ट्राँग यांनी हेच चक्र ताब्यात ठेवलं. कुंई सुरू होण्याच्या जरा आधी थांबलं की प्रचंड ॲम्प्लिफिकेशन मिळतं. ती हद्द ओलांडली की ट्यूब स्वतःहून गुणगुणायला लागते, म्हणजे ऑसिलेट होते. आणि ऑसिलेट होणारी ट्यूब अँटेनाला जोडलेली असेल तर ती रिसीव्हर राहतच नाही, तो चक्क ट्रान्समीटर होतो.

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे, म्हणून जरा थांबा. ऐकायला बनवलेलं यंत्र बोलूही शकतं. १९२० च्या दशकात घरोघरी रिजनरेटिव्ह रेडिओ आले, तेव्हा एखाद्याने आपली कळ जास्त फिरवली की त्याच्या रेडिओतून निघालेली शिट्टी शेजाऱ्याच्या रेडिओत ऐकू जायची. भांडणं व्हायची. रेडिओने रेडिओला त्रास द्यायचा हा प्रकार इतका जुना आहे.

पेटंटसाठी वडिलांनी लगेच पैसे दिले नाहीत, आधी डिग्री पूर्ण कर म्हणाले. मग जानेवारी १९१३ मध्ये सर्किटच्या चित्रावर नोटरीचा शिक्का घेऊन ठेवला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पेटंटचा अर्ज केला. मधल्या या दिरंगाईची किंमत पुढे मोजावी लागली. डी फॉरेस्ट यांनी हा शोध आधी आपणच लावला असा दावा केला. खटला अनेक वर्षं चालला आणि १९३४ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने डी फॉरेस्ट यांच्या बाजूने निकाल दिला.

रेडिओ इंजिनिअर्सना हा निकाल पटला नाही. त्यांच्या संस्थेने, इन्स्टिट्यूट ऑफ रेडिओ इंजिनिअर्सने, याच शोधासाठी आपलं पहिलं मानाचं पदक आर्मस्ट्राँग यांना दिलेलं होतं. निकालानंतर ते पदक परत करायला ते संस्थेच्या अधिवेशनात गेले. संस्थेने परत घ्यायला नकार दिला आणि ते त्यांचंच आहे असं पुन्हा जाहीर केलं.

पॅरिस, १९१८: विमान ऐकायचं होतं

पहिल्या महायुद्धात आर्मस्ट्राँग अमेरिकन सैन्याच्या सिग्नल कोअरमध्ये अधिकारी म्हणून पॅरिसला गेले. तिथे त्यांच्या डोक्यात एक विचार आला. विमानाच्या इंजिनात स्पार्क प्लग असतात. प्रत्येक ठिणगीबरोबर थोड्या रेडिओ लहरी बाहेर पडतात, कुणाची इच्छा असो वा नसो. त्या पकडता आल्या तर अंधारातही शत्रूचं विमान कुठे आहे ते कळेल आणि तोफेला नेम धरता येईल.

अडचण एकच होती. त्या लहरींची फ्रिक्वेन्सी फार जास्त होती आणि तेव्हाच्या ट्यूब्जना एवढी फ्रिक्वेन्सी ॲम्प्लिफाय करणं जमत नव्हतं. मग आर्मस्ट्राँग यांनी उलटा विचार केला. फ्रिक्वेन्सी झेपत नाही ना, मग आधी ती कमी करून घेऊ.

हे कसं करायचं? रिसीव्हरच्या आतच एक छोटा ऑसिलेटर बसवायचा. त्याला लोकल ऑसिलेटर म्हणतात. बाहेरून आलेला सिग्नल आणि या ऑसिलेटरचा सूर एकत्र मिसळला की दोघांच्या फरकाइतकी नवी फ्रिक्वेन्सी तयार होते. तबला आणि तंबोरा किंचित बेसूर असले की जो थरथरता वूं-वूं ऐकू येतो, त्यातही दोन सुरांमधला फरकच कानाला जाणवत असतो. स्टेशन कुठलंही असो, लोकल ऑसिलेटर त्याच्याबरोबर सरकवत न्यायचा, म्हणजे फरक कायम तोच राहतो. पुढचं सगळं ॲम्प्लिफिकेशन आणि गाळणी त्या एकाच ठरावीक फ्रिक्वेन्सीसाठी बनवायची. यालाच सुपरहेटरोडाइन म्हणतात. फ्रान्समध्ये ल्युसियाँ लेव्ही आणि जर्मनीत वॉल्टर शॉट्की यांनाही स्वतंत्रपणे तसंच सुचलं होतं, पण चालणारा रिसीव्हर म्हणून ते जगासमोर उभं केलं आर्मस्ट्राँग यांनी.

युद्ध संपलं, विमानं ऐकायचा बेत मागे पडला, रिसीव्हर मात्र जगभर गेला. रेडिओ, टीव्ही, रडार सगळीकडे तोच.

घरी जुना मीडियम वेव्ह ट्रान्झिस्टर असेल तर एक प्रयोग करून बघा. आकाशवाणी पुणे ७९२ किलोहर्ट्झवर आहे. बहुतेक जुन्या रेडिओंमध्ये फरकाची फ्रिक्वेन्सी ४५५ किलोहर्ट्झ असते. म्हणजे रेडिओवर पुणे लावलं की आतला ऑसिलेटर ७९२ अधिक ४५५, म्हणजे १२४७ किलोहर्ट्झवर चालतो. आता दुसरा रेडिओ अगदी जवळ ठेवा आणि १२४७ च्या आसपास काटा नेऊन पहिल्याची कळ किंचित हलवा. दुसऱ्यात काही हलकंसं ऐकू येत असेल तर त्यावर शिट्टी येईल. आमच्या आजोबांच्या दोन ट्रान्झिस्टरवर मी हे करून पाहिलंय. पहिला रेडिओ गाणी ऐकवतोय, आणि ऐकता ऐकता स्वतःही हळूच काहीतरी प्रक्षेपित करतोय.

लग्नाची भेट

१९२२ मध्ये आर्मस्ट्राँग यांनी आणखी एक शोध आरसीए या बड्या रेडिओ कंपनीला विकला. रोख रकमेबरोबर साठ हजार शेअर्स मिळाले. तिशी ओलांडता ओलांडता ते श्रीमंत झाले. आरसीएचे मोठे अधिकारी डेव्हिड सार्नोफ त्यांचे मित्र. सार्नोफ यांच्या सेक्रेटरी मॅरियन मॅकइनिस यांच्या ते प्रेमात पडले. त्यांच्यावर छाप पाडायला म्हणून असेल, १९२३ मध्ये आरसीएच्या एका उंच इमारतीवरच्या अँटेना टॉवरच्या टोकावर जाऊन बसले आणि त्याचे फोटो काढून घेतले. सार्नोफ भडकले, मॅरियन यांनी मात्र लग्नाला होकार दिला.

१ डिसेंबर १९२३ ला लग्न झालं. आर्मस्ट्राँग यांनी बायकोला भेट काय दिली असेल? स्वतः बनवलेला सुपरहेटरोडाइन रेडिओ, उचलून कुठेही नेता येईल असा. फ्लोरिडाच्या समुद्रकिनाऱ्यावर तो रेडिओ मध्ये ठेवून दोघं बसलेत असा फोटो प्रसिद्ध आहे. छोट्या सुटकेसएवढा, वर मोठा कर्णा. आज आपण हसू. पण सोबत नेता येणाऱ्या रेडिओंच्या सुरुवातीच्या नमुन्यांत त्याचं नाव घेतलं जातं. प्रवासाला निघताना इलेक्ट्रॉनिक वस्तू बरोबर न्यायची आपली सवय त्या वाळूवर सुरू झाली असं मला वाटतं.

खरखरीशी लढाई

तेव्हाचा सगळा रेडिओ एएम होता. त्यात आवाजाप्रमाणे लहरीची ताकद कमी-जास्त होते. वीज कडाडली, मोटार चालू झाली, की तीही ताकद कमी-जास्त करते. रिसीव्हरला यातलं गाणं कुठलं आणि वीज कुठली हे कळत नाही, म्हणून खरखर. आर्मस्ट्राँग यांनी ताकद कायम ठेवून फ्रिक्वेन्सी बदलायची असं ठरवलं आणि त्यासाठी इतरांनी टाळलेला रस्ता घेतला: प्रत्येक स्टेशनला भरपूर रुंद जागा द्यायची. हाच एफएम. १९३३ च्या डिसेंबरमध्ये पेटंट मिळाली.

५ नोव्हेंबर १९३५ ला न्यूयॉर्कमध्ये इंजिनिअर्ससमोर त्यांनी प्रात्यक्षिक दिलं. यॉंकर्सहून एका मित्राच्या घरून प्रक्षेपण. ग्लासात पाणी ओतल्याचा आवाज, कागद चुरगाळल्याचा आवाज. असले बारीक आवाज तोपर्यंत रेडिओवरून कुणी नीट ऐकलेच नव्हते.

आरसीएला मात्र तेव्हा टेलिव्हिजन हवा होता. एम्पायर स्टेट बिल्डिंगवर आर्मस्ट्राँग यांची उपकरणं चाचणीसाठी बसवली होती, ती काढायला सांगितली. मग त्यांनी स्वतःच्या पैशाने न्यूजर्सीतल्या अल्पाईन इथे चारशे फुटांहून उंच टॉवर बांधला आणि स्वतःचं स्टेशन सुरू केलं. १९४० मध्ये आरसीएने एफएम वापरण्यासाठी एकरकमी दहा लाख डॉलर देऊ केले. इतर कंपन्या रॉयल्टी देत होत्या, आरसीएनेही तशीच द्यावी असं म्हणून त्यांनी ते नाकारले. दुसऱ्या महायुद्धात मात्र आपली एफएम पेटंट सैन्याला फुकट वापरू दिली.

बँड सरकला आणि गणित बदललं

सुरुवातीला एफएमला ४२ ते ५० मेगाहर्ट्झ हा पट्टा मिळाला होता. १९४५ मध्ये अमेरिकन सरकारच्या दूरसंचार आयोगाने एफएमला तिथून उचलून वर नेलं आणि ८८ ते १०८ मेगाहर्ट्झचा पट्टा दिला, जो आपण आज वापरतो. खालच्या पट्ट्यात वातावरणाच्या वरच्या थरामुळे लांबची स्टेशनं एकमेकांत घुसतील, असं कारण दिलं गेलं. आर्मस्ट्राँग यांनी कडाडून विरोध केला. एका निर्णयाने लोकांच्या घरातले लाखो एफएम रेडिओ निरुपयोगी झाले.

त्याच सुमारास विमानांसाठी नवी दिशादर्शक यंत्रणा येत होती, व्हीओआर. जमिनीवरचं स्टेशन असा सिग्नल पाठवतं की त्यावरून वैमानिकाला आपण स्टेशनच्या कुठल्या दिशेला आहोत ते अंशांत कळतं. धावपट्टीच्या मध्यरेषेवर आणणारा लोकलायझर आणि व्हीओआर यांना मिळून १०८ ते ११८ मेगाहर्ट्झचा पट्टा मिळाला. म्हणजे जिथे एफएम संपतो तिथून लगेच विमानांचं सुरू.

आता गंमत बघा. एफएम रेडिओत फरकाची फ्रिक्वेन्सी साधारण १०.७ मेगाहर्ट्झ ठेवायची पद्धत पडली. मुंबई-पुण्यात ९८.३ वर रेडिओ मिर्ची लावलं तर जुन्या पद्धतीच्या सेटमधला ऑसिलेटर १०९.० वर चालणार. पुण्याची विविध भारती १०१ वर आहे, तिथे ऑसिलेटर १११.७ वर. दोन्ही आकडे सरळ विमानाच्या पट्ट्यात! एफएम जुन्याच पट्ट्यात राहिला असता तर हा ऑसिलेटर तिथवर पोचलाच नसता. म्हणजे या पट्टा बदलाचा एक फटका एफएमच्या मालकांना बसला, आणि दुसरा पुढे जाऊन विमानांच्या वाट्याला आला.

शेवटची वर्षं

१९४८ मध्ये आर्मस्ट्राँग यांनी आरसीए आणि तिच्या एनबीसी या कंपनीविरुद्ध पेटंटचा खटला भरला. साक्षी, उलटतपासणी, कागदपत्रं, वर्षामागून वर्षं. समोरच्यांना वेळ परवडत होता. इकडे मूळ पेटंटची मुदत संपली, त्याबरोबर रॉयल्टीही, आणि पैसे वकिलांवर खर्च होत राहिले. प्रयोगशाळेत बसणारा माणूस कोर्टाच्या फायलींत बुडाला. मॅरियन खटला मिटवून टाका म्हणत होत्या, त्यांना ते पटत नव्हतं. १९५३ च्या नोव्हेंबरमध्ये भांडण विकोपाला गेलं, त्यात त्यांचा मॅरियन यांच्यावर हात उठला. तीस वर्षांच्या संसारानंतर त्या बहिणीकडे निघून गेल्या.

३१ जानेवारी १९५४ च्या रात्री आर्मस्ट्राँग यांनी मॅरियन यांच्यासाठी चिठ्ठी लिहून ठेवली आणि स्वतःचं आयुष्य संपवलं. वय ६३.

इथे मला थांबावंसं वाटतं. आपल्यापैकी बरेच जण कामालाच सगळं आयुष्य मानतात. सर्किट बरोबर असूनही निकाल विरुद्ध जातो, हे या माणसाने एकदा सोसलं होतं. दुसऱ्यांदा सोसताना जवळ कुणी उरलं नव्हतं. मन असं कोंडलं गेलं असेल तर कुणाशी तरी बोला. सरकारच्या टेली-मानसचा १४४१६ हा नंबर त्यासाठीच आहे.

पुढे खटले मॅरियन यांनी चालवले. आरसीएने १९५४ संपायच्या आत सुमारे दहा लाख डॉलर देऊन तडजोड केली. जी रक्कम १९४० मध्ये देऊ केली होती, जवळजवळ तेवढीच. बाकीच्या कंपन्यांशी त्या एकेक करून लढल्या आणि शेवटचा खटला १९६७ मध्ये संपला. सगळे दावे त्यांच्या बाजूने सुटले.

केबिनमधला एफएम

१९५४ च्याच ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत रीजन्सी टीआर-१ नावाचा खिशात मावणारा ट्रान्झिस्टर रेडिओ जाहीर झाला. तो एएम होता, पण आतली पद्धत आर्मस्ट्राँग यांचीच, सुपरहेटरोडाइन. काही वर्षांत हातातले एफएम रेडिओही आले आणि लोक ते घेऊन विमानात बसायला लागले.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा रेडिओतून गळून गळून किती लहरी गळणार? चला, हिशोब करू. समजा व्हीओआर स्टेशन १०० वॅटचं आहे आणि विमान १०० किलोमीटरवर आहे. गळका रेडिओ मात्र विमानाच्या अँटेनापासून फक्त १० मीटरवर. अंतर दहा हजार पटीने कमी. लहरीची ताकद अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणजे फरक दहा कोटी पट. १०० वॅटला दहा कोटींनी भागा. उत्तर येतं १ मायक्रोवॅट, म्हणजे एका वॅटचा दहा लाखावा भाग. एवढी गळती झाली तरी ती लांबच्या स्टेशनच्या बरोबरीला येते. विमानाचा धातूचा सांगाडा यातलं बरंच अडवतो, पण खिडक्यांतून लहरी बाहेर पडतात आणि अँटेना बाहेरच असते. मिसळलेल्या सिग्नलमुळे दिशेचा काटा चुकीचं दाखवू शकतो, आणि ढगांत उडणाऱ्या वैमानिकाला त्या काट्याचाच आधार असतो.

म्हणून मे १९६१ मध्ये अमेरिकेच्या विमान प्रशासनाने नियम केला: व्हीओआरवर दिशा बघून उड्डाण चालू असताना केबिनमध्ये एफएम रेडिओ लावायचा नाही. १९६३ मध्ये तांत्रिक समितीचा अहवाल आला आणि नियम बाकीच्या उपकरणांनाही लागू झाला. श्रवणयंत्र, पेसमेकर, दाढीचं इलेक्ट्रिक मशीन आणि आवाज टिपणारा रेकॉर्डर यांना सूट मिळाली.

यातला योगायोग मला अजून पचत नाही. १९१८ मध्ये आर्मस्ट्राँग विमानातून नकळत गळणाऱ्या लहरी ऐकायला निघाले, त्यातून त्यांचा रिसीव्हर जन्मला. ४३ वर्षांनी त्याच रिसीव्हरमधून नकळत गळणाऱ्या लहरी विमानाला त्रास देऊ लागल्या. आणि विमानातला व्हीओआर रिसीव्हर? तोही सुपरहेटरोडाइनच. व्हीओआरच्या सिग्नलमध्ये दिशा काढण्यासाठी जे दोन भाग असतात, त्यातला एक एफएमनेच पाठवला जातो. भांडणारे दोघंही एकाच घरातले.

मग आज आपल्या फोनचं काय?

आजच्या फोनमधल्या चिप्स १०.७ चं जुनं गणित बहुतेक वापरत नाहीत, आणि गळतीवर कडक मर्यादा असतात. पण फोन हा मुळातच ट्रान्समीटरही आहे, आणि एक नाही, अनेक: मोबाईल नेटवर्क, वाय-फाय, ब्लूटूथ. वर गेल्यावर टॉवर सापडेना की फोन ताकद वाढवून हाका मारायला लागतो. जुना जीएसएम फोन तर २ वॅटपर्यंत जायचा. स्पीकरजवळ ठेवलेल्या फोनमुळे टिकटिक-टिकटिक आवाज यायचा ना, तसाच तो वैमानिकाच्या हेडफोनमध्येही येऊ शकतो. एअरप्लेन मोड हे हाका मारणं बंद करतो. याशिवाय एकाच वेळी अनेक टॉवरना दिसणारे उडते फोन जमिनीवरच्या नेटवर्कलाही नको असतात. अमेरिकेत हवेतल्या मोबाईलवर बंदी आली त्यामागे हेही कारण होतं.

विमानंही सुधारली, त्यांची गळतीसमोर टिकण्याची चाचणी होते. म्हणूनच ३१ ऑक्टोबर २०१३ ला अमेरिकेने आणि एप्रिल २०१४ मध्ये आपल्या डीजीसीएने एअरप्लेन मोडमधली उपकरणं पूर्ण उड्डाणभर वापरायला मोकळीक दिली. आता बऱ्याच विमानांत वाय-फायही मिळतं, कारण त्या विमानाची त्यासाठी तपासणी झालेली असते. प्रवाशाच्या फोनमुळेच विमान पडलं असं निर्विवाद सिद्ध झालेलं नाही. नियम भीतीवर नाही, हिशोबावर उभा आहे: दीडशे-दोनशे माणसं, प्रत्येकाकडे दोन-तीन यंत्रं, एखादं बिघडलेलं, आणि खाली उतरताना चुकायला वाव नाही.

अल्पाईनचा तो टॉवर आजही उभा आहे. ११ सप्टेंबर २००१ ला वर्ल्ड ट्रेड सेंटर कोसळलं, त्यावरच्या अँटेनाही गेल्या, तेव्हा न्यूयॉर्कच्या काही टीव्ही स्टेशनांनी तात्पुरतं प्रक्षेपण तिथूनच केलं.

त्या मुलाला मी आता उत्तर देऊ शकेन. होय रे, होतं. फार थोडं होतं, पण ज्याला लांबचं बारीक ऐकायचंय त्याच्या कानाशी थोडंसं बोललेलंही पुष्कळ असतं. तेव्हा पुढच्या वेळी ते विमानाचं चिन्ह दाबाल, तेव्हा आर्मस्ट्राँग यांची एकदा आठवण काढा.